धानपट्ट्यातल्या आईचा दिवस: क्रम, ऋतू आणि सांडवा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या बांधीत काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या आणि पुढची कित्येक वर्षे पेरून पाहिल्या. त्यातून जो बारीक तांदूळ निपजला त्याला बाजारात नाव मिळाले एच.एम.टी., म्हणजे त्या काळी प्रत्येकाला मनगटावर हव्या असलेल्या घड्याळाचे. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांचा तांदूळ आमच्या तालुक्याच्या कितीतरी बाहेर शिजतो आहे. नाव घड्याळाचे, पण धान काही घड्याळावर चालत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पाऊस पाहून टाकतात, रोवणी बांधीत पाणी साचल्यावर होते, कापणी लोंबी पिवळी पडल्यावर. पाऊस पंधरा दिवस लांबला तर सगळेच पंधरा दिवस पुढे सरकते. पऱ्ह्यांआधी रोवणी मात्र कधी होत नाही.

आईच्या दिनक्रमाचा विचार मला याच बांधीवरून करायचा आहे. लहान मुले सांभाळून शेतात, जंगलात, रोजगारावर किंवा नोकरीवर जाणाऱ्या बाईचा दिवस वेळेवर बांधला तर मोडतो. तोच दिवस क्रमावर बांधला, ऋतूबरोबर बदलू दिला, त्यात थोडी रिकामी जागा ठेवली आणि तो एकट्या तिच्या डोक्यात राहू दिला नाही, तर टिकतो. या चारही अटी एकत्र लागतात. एक गाळली की बाकीच्या तीन फार दिवस तग धरत नाहीत, हे पुढे दाखवायचे आहे.

शब्दांचा अर्थ

वेळापत्रक, दिनक्रम आणि सवय हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. वेळापत्रक सांगते की काम किती वाजता करायचे. दिनक्रम सांगतो की कशानंतर काय करायचे. 'क्रम' हा शब्दच त्यात बसलेला आहे. सवय म्हणजे या क्रमातला असा दुवा, जो मनातून हातात उतरलेला असतो आणि ज्यासाठी वेगळे ठरवावे लागत नाही. यांतला फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. एखाद्या सकाळी नळाला पाणी तासभर उशिरा आले असे धरा. वेळापत्रक तिथेच कोसळते, कारण पुढची प्रत्येक वेळ खोटी ठरते. दिनक्रम तासभर पुढे सरकतो. सवयीला तर पाणी उशिरा आल्याचे कळतही नाही.

चौथा शब्द दिनचर्या. तो आयुर्वेदातून आला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्या अध्यायातला माणूस पहाटे उठतो, दात घासतो, अंगाला तेल लावतो, व्यायाम करतो, स्नान करतो. तो स्वतःच्या शरीराची निगा राखतो. दुसऱ्याला उठवणे, भरवणे, त्याचे केस विंचरून त्याला शाळेत धाडणे हे त्याच्या चर्येत येत नाही. आज मासिकांतून आणि मोबाइलवरून 'पहाटे पाचला उठा, स्वतःसाठी एक तास काढा' असा जो उपदेश बायकांना मिळतो, त्यात हाच एकटा माणूस गृहीत धरलेला असतो. ज्या घरात दोन वर्षांचे मूल आईची कूस हलली की जागे होते, तिथे पाचला उठण्याचा अर्थ एवढाच की दोघेही पाचला उठतात. पण वाग्भटाच्या ग्रंथातली एक गोष्ट आपण विसरलो आणि ती फार मोलाची आहे: दिनचर्येच्या लगेच पाठीमागचा, तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. वर्षभर एकच एक दिवस चालत नाही, हे तिथे गृहीतच आहे.

जे मोजले गेले

बाईचा दिवस कशात जातो हे आपल्या देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर 1998-99 मध्ये मोजले गेले, तेही सहा राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. संपूर्ण देशाचे वेळ-वापर सर्वेक्षण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये जानेवारी ते डिसेंबर असे वर्षभर केले. त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत पाडायचा आणि प्रत्येक खणात काय केले ते विचारायचे. पहाटे चारपासून दिवस मोजायचे ज्यांनी ठरवले त्यांना खेड्यातली बाई ठाऊक असली पाहिजे.

सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. शिवाय मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात 26, आणि बायका 81. मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्या देखभालीत, ती करणाऱ्या बायकांची 134 मिनिटे तर पुरुषांची 76 मिनिटे. हे आकडे सरकारी आहेत आणि भांडण मिटवायला पुरेसे आहेत. तरी मला त्यातला 134 चा आकडा तोकडा वाटतो. चुलीवर भात असताना एक डोळा रांगत्या पोरावर असतो. त्या अर्ध्या तासाला विचारले तर बाई 'स्वयंपाक' असेच उत्तर देणार, कारण पोराकडे पाहणे हे तिच्या लेखी काम नसतेच.

आणि त्याहून मोठी गोष्ट कोणत्याच खणात मावत नाही: लक्ष. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरच्या डोक्याच्या कामाचे चार टप्पे पाडले. पुढे काय लागणार हे आधी ओळखणे, ते कसे भागवता येईल याचे पर्याय शोधणे, त्यांतला एक ठरवणे, आणि मग ते खरेच झाले की नाही यावर नजर ठेवणे. अभ्यास परदेशातल्या जोडप्यांचा आहे, पण आमच्याकडच्या तांदळाला तो तंतोतंत लागू पडतो. कोठीतला तांदूळ आणखी तीन दिवस पुरेल, हे डब्यात हात घातल्यावर कळते. मग धान मिलवर न्यायचे की तोवर शेजारून पायलीभर आणायचे. वीज दुपारी असते की सकाळी. पोते सायकलवर कोण नेईल. परत येताना कोंडा आणि कणी मोजून आली का. यात प्रत्यक्ष पोते वाहण्याचे काम अर्ध्या तासाचे आणि ते बहुधा नवरा करतो. सर्वेक्षणात ते त्याच्या खात्यावर पडते, आणि ते बरोबरच आहे. पण तीन दिवस आधीपासून बाईच्या मनात फिरत असलेला तांदूळ कोणाच्याच खात्यावर पडत नाही. दिनक्रम मोडतो तो हाताच्या कामाने क्वचितच. डब्यात हात घालायचा राहून गेला म्हणून मोडतो.

घड्याळे कोणाची

आईच्या दिवसात स्वतःचे घड्याळ नसते. तिथे दुसऱ्यांची पाच-सहा घड्याळे एकाच वेळी चालू असतात. शाळेचे एक. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय केला, कारण मुलांची झोप पुरी होत नव्हती. निर्णय चांगलाच होता, पण ज्या आईला आठला कामावर पोचायचे असते तिचा दुवा त्याने सुटला, आणि ती गाठ तिने स्वतःच पुन्हा मारायची होती. नळाचे घड्याळ वेगळे, अंगणवाडीचे वेगळे. गाडीचेही एक असते. नागपूर ते नागभीड ही अरुंद रुळांची गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये रूळ रुंद करण्यासाठी थांबली, तेव्हा ज्या घरांची सकाळ तिला बांधलेली होती ती सगळी एस.टी.च्या आणि काळीपिवळीच्या वेळांना जाऊन लागली. घरातल्या कोणाची चूक नव्हती, तरी डबा करण्याची वेळ बदलली.

तान्ह्या बाळाचे शरीर हे तर घड्याळ म्हणण्याजोगेही नसते. दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाच्या शरीरात दोन-तीन महिन्यांनंतर हळूहळू रुजतो, आणि तोवर ते दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध मागते. त्या काळात आईने दिनक्रम बसवायला जाणे म्हणजे पाऊस पडण्याआधी रोवणी मांडणे. पहिलेपणाला माहेरी पाठवण्याची आपली जुनी रीत इथे मला फार शहाणपणाची वाटते. त्या तीन महिन्यांत बाईचा दिवस तिच्या हातून काढून संपूर्णपणे दुसऱ्या बायकांच्या हाती दिला जातो. जिला माहेर नाही किंवा माहेरी कोणी नाही, तिच्यासाठी ही रीत सासरी का असू नये, हे मला कधी कळले नाही.

ही सगळी घड्याळे एकसारखी वागत नाहीत. शाळेची घंटा, नळाचे पाणी आणि एस.टी. थांबत नाहीत. भांडी, कपडे, झाडलोट, सारवण थांबतात. ती सरकवता येतात. आणि ताप, पाहुणा, बँकेतले अंगठ्याचे काम, रेशनच्या दुकानातली रांग ही न सांगता येतात. ज्या कामांना थांबण्याची मुभा नाही ती दिवसाची खुंटे. ती तीनपेक्षा जास्त असू नयेत, असे माझ्या घरच्या आणि आजूबाजूच्या अनुभवावरून मी म्हणते. बाकीचे सगळे त्यांच्या आगेमागे बांधावे. पहिले मूल शाळेत जाऊ लागले त्या जूनमध्ये मी चुलीजवळच्या भिंतीवर पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे तास लिहून ठेवले होते. त्यात अकरा खुंटे होती. जुलैचा दुसरा आठवडा लागला, रोवणी सुरू झाली आणि ती भिंत मी पुसली.

ऋतुचर्या

आमच्याकडे वर्षाचे दिनक्रम निदान चार. यांतला उन्हाळ्याचा सर्वांत अवघड, म्हणून त्यावर थोडे थांबते.

मार्च-एप्रिलात मोह गळतो. फुले उत्तररात्रीपासून पडू लागतात आणि सकाळी उन्हे वर येईतो पडत राहतात. ती उशिरा वेचली तर गुरे आणि हरणे खाऊन जातात, उन्हाने सुकतात. त्यामुळे बायका अंधारातच टोपली घेऊन निघत. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपाने: सकाळी तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी मिळून पुडके बांधायचे, संध्याकाळी संकलनाच्या जागी नेऊन द्यायचे. शेतीला टेकू देणारी रोख रक्कम या दोन हंगामांत मिळते, म्हणून ते टाळता येत नाहीत. आणि जंगल रिकामे नसते. 10 मे 2025 रोजी आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. पहाटे जाऊ नका, एकट्या जाऊ नका, उजाडल्यावर घोळक्याने जा, असे वनविभाग सांगतो, आणि ते अक्षरशः पाळले पाहिजे.

पण या सूचनेचा दिवसाच्या हिशेबात अर्थ काय होतो, हे कोणी मांडत नाही. आधी चारला निघणारी बाई आता सहाला निघते आणि नऊऐवजी अकरानंतर घरी पोचते. तेवढ्यात ऊन चाळिसापलीकडे चढलेले असते; चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जाणे नवलाचे नाही. मोहाच्या दिवसांत शाळा सकाळची असते आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास सुटते. म्हणजे पूर्वी मुले उठायच्या आत आई जंगलात असायची. आता ती मुलांना उठवून निघू शकते, ही जमेची बाजू. पण मुले घरी येतात तेव्हा ती अजून वाटेवर असते. उन्हाळ्याच्या दिवसातली तुटणारी कडी सकाळची नाही, अकराची आहे. त्या वेळी घरात शिजलेले अन्न आणि एक मोठे माणूस असले की बाकीचे निभते. अन्नाचा उपाय जुनाच आहे. रात्री भात थोडा जास्त लावून त्यात पाणी घालून ठेवायचे. सकाळी मीठ-कांद्याशी तो उन्हाळ्यात पोटाला गारही लागतो. मोठ्या माणसाचा उपाय मात्र ठरवून करावा लागतो. चार घरांनी पाळीपाळीने एका बाईला त्या दिवशी मागे ठेवायचे आणि तिच्या वाट्याची फुले बाकीच्यांनी आणून द्यायची, अशी व्यवस्था मी पाहिली आहे. घोळक्याने जा हा नियम जंगलापुरता न ठेवता घरालाही लावला की तो पेलतो.

रोवणीचा दिनक्रम निराळा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या बायांची टोळी सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. दिवसभर वाकून, पायाखाली चिखल, डोक्यावर पाऊस. अशा दिवसानंतर संध्याकाळी बाईत काही उरलेले नसते, आणि तिच्याकडून संध्याकाळी काही नवीन अपेक्षिणारा प्रत्येक दिनक्रम निरुपयोगी आहे. या ऋतूत वजाबाकीच करायची. सारवण नाही, जाडे कपडे धुणे नाही, निवडण-टिपण नाही. राखायच्या तीनच गोष्टी: मुलांचे जेवण, मुलांची झोप आणि आईची झोप. तिसरी सर्वांत आधी सुटते, म्हणून ती मोजून लिहिली. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कमी दिवसांत येणाऱ्या धानाच्या जातींवर काम चालते. तिथे बियाण्याच्या दिवसांचा हिशेब होतो तसा रोवणाऱ्या बाईच्या दिवसाचाही व्हावा, असे मला नेहमी वाटते.

कापणी आणि मळणीचा काळ दिवाळीच्या आगेमागे. त्यात मंडईची जत्रा येते, झाडीपट्टीची नाटके येतात. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव फिरतात आणि प्रयोग रात्रभर चालतो. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी घर उशिरा उठणारच. त्याचा अपराध मानू नये. क्रम तोच ठेवून दिवस दोन तास पुढून सुरू करावा. राहिला पौष-माघाचा काळ, धान घरात आल्यानंतरचा. तो वर्षातला सर्वांत संथ, आणि नवी गोष्ट रुजवायला तोच बरा.

गाठ कशी बसते

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या खुणेनंतर करायला सांगून, ती कितव्या दिवशी आपोआप होऊ लागते हे पाहिले. 2010 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण पल्ला 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. जेवणानंतर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामासारखी उशिरा. माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत कामाचा निष्कर्ष असा की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीची गाठ सैल झाली नाही. आया एक दिवस चुकला की 'माझ्याने होत नाही' म्हणून सगळेच सोडतात, आणि त्या सोडण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

आता 66 दिवस आमच्या वर्षात कुठे बसतात ते पाहा. संक्रांतीला, 14 जानेवारीला, सुरुवात केली तर 66 दिवस 21 मार्चला भरतात. गुढीपाडवा जवळपास, मोहाची गळ नुकती लागलेली. म्हणजे उन्हाळ्याचा गदारोळ सुरू होण्याआधी गाठ हातात उतरलेली असते. उलट आपण सगळे नवे संकल्प शाळा उघडताना करतो. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडते, आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत रोवणी. बहुतेक सवयी इतक्या थोड्या दिवसांत बसत नाहीत. जूनमध्ये सुरू केलेले दिनक्रम मोडतात ते याच हिशेबाने. बायकांनी तो दोष आपल्या आळशीपणावर घेऊ नये.

गाठ एकावेळी एकच मारावी, आणि ती अशा कामाला बांधावी जे काही झाले तरी होतेच. आमच्या घरी ती रात्रीच्या भांड्यांना बांधली. भांडी पालथी घातली की दप्तर आणि पाण्याची बाटली दाराशी. वेळ नऊची असो की साडेदहाची, पालथ्या भांड्यांनंतर दप्तर. पहिला महिना मी सांगत होते. दुसऱ्या महिन्यात भांड्यांचा आवाज थांबला की मुलगा आपणहून उठू लागला. या एका गाठीने सकाळची वीस मिनिटे मोकळी झाली. दुसरी गाठ मी त्या वर्षी मारली नाही.

सांडवा

पूर्व विदर्भात गावोगाव मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. ते बांधणारे कोहळी लोक पाळीइतकेच लक्ष सांडव्याकडे देत. पाळ कितीही भक्कम असली तरी जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात ती फुटते. पूर्ण भरलेला दिवस असाच फुटतो. रांगांच्या गणितात याचा नियमच आहे. ज्या माणसाकडे कामे अवचित येतात, त्याचा निम्मा वेळ आधीच भरलेला असेल, तेव्हाचा खोळंबा 1 धरला, तर ऐंशी टक्के वेळ भरल्यावर तो 4 होतो आणि नव्वद टक्के भरल्यावर 9. भरणी दहा टक्क्यांनी वाढते आणि खोळंबा दुपटीच्या पुढे जातो. म्हणून दिवसातला एक अर्धा तास कोणत्याच कामाच्या नावे नसावा. तो आईच्या विश्रांतीचाही म्हणू नये, कारण तसे म्हटले की ताप आला त्या दिवशी तिची विश्रांतीच पहिल्यांदा जाते. विश्रांती वेगळी धरावी, सांडवा वेगळा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बहुधा घरातल्या वडील बायकांकडून येतो. आम्ही ढेकीवर धान कांडले, पाणी विहिरीवरून आणले, सहा-सहा पोरे वाढवली, आम्हाला कुठे दिनक्रम लिहावे लागले? प्रश्न खरा आहे. त्यांचे काम आजच्यापेक्षा जड होते, यात शंका नाही. पण ते काम तीन-चार बायकांत वाटलेले असे, आणि पुढचे ओळखण्याचे काम सासूबाईंच्या डोक्यात असे, रांधणारीच्या नव्हे. शिवाय त्या घरांना सांडवा होता. तो म्हणजे थोरली मुलगी. धाकट्याला ताप आला, आई रोवणीला गेली, पाहुणे आले की तिची शाळा बुडे. रोवणीच्या दिवसांत वरच्या वर्गांतल्या मुलींच्या जागा रिकाम्या दिसणे अजूनही पुरते थांबलेले नाही. जो दिनक्रम थोरल्या मुलीच्या शाळेवर टिकतो तो टिकला असे मी म्हणणार नाही.

डोक्यातले काम

वाटणी करायची तर ती कशी, हा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या टोकाने सुटतो. 'आज जरा धान मिलवर नेऊन द्या' म्हणणे म्हणजे हाताचे काम दिले आणि डोक्याचे ठेवून घेतले. सांगण्याचे कामही तिचेच. खरी वाटणी म्हणजे तांदूळ हा विषयच नवऱ्याकडे देणे: डब्यात हात घालून पाहण्यापासून कोंडा मोजून घेण्यापर्यंत. वाटणी झाली की नाही याची खूण एकच, त्या विषयावर आठवण करून द्यावी लागत नाही. पहिल्या महिन्यात एकदा तांदूळ संपेल. संपू द्यावा. त्या दिवशी कण्या शिजवाव्या आणि विषय परत घेऊ नये. हे लिहायला सोपे आणि करायला कठीण आहे, कारण उपाशी पोरासमोर बाईचा जीव राहत नाही आणि ती स्वतः धावते; मग तो विषय कायमचा तिच्याकडे परत येतो. म्हणून पहिला विषय देताना असा द्यावा की जो चुकला तर मुलाच्या पोटाला लागणार नाही: गॅसची टाकी, विजेचे बिल, शाळेच्या वह्या. तांदूळ नंतर.

भिंतीवर तास लिहिण्याऐवजी क्रम लिहावा, आणि प्रत्येक ओळीपुढे माणसाचे नाव. मुलांना वाचता येऊ लागले की ती भिंत आईच्या डोक्यातून उतरून घराची होते. आई बाळंतपणाला गेली, दवाखान्यात राहिली किंवा बचत गटाच्या प्रशिक्षणाला चार दिवस बाहेरगावी गेली, तरी घर त्या भिंतीवरून चालू शकते. नागभीड-ब्रह्मपुरीकडे गटाची बैठक ठरल्या दिवशी असते, आणि मी पाहिलेल्या कित्येक घरांत बाईच्या आठवड्यातला न हलणारा असा तो एकच तास आहे, कारण तिथे तिची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या बायका असतात.

आता ज्या घरात वाटून द्यायला दुसरे माणूसच नाही, त्या बाईचे काय? विधवा, टाकलेली, किंवा नवरा परगावी कामाला गेलेली. वर सांगितलेल्या गाठी तिलाही उपयोगी आहेत, पण त्या तिला पुरणार नाहीत, आणि पुरतील असे सांगणे खोटे ठरेल. तिला हवे असलेले दुसरे माणूस गावाने आणि सरकारने द्यायचे असते. हे तत्त्व कायद्याला नवे नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आईबरोबर आली तर ती सांभाळायला त्याच बायकांपैकी एकीला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद केली. रोवणी मात्र खाजगी शेतावरची. तिथे ही तरतूद पोचत नाही. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून चालू आहे, आणि 2022 पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे. एरवी अंगणवाडी दुपारी सुटते, आणि रोवणीची बाई दिवस मावळताना धुऱ्यावरून खाली उतरते. मधले चार तास तीन वर्षांचे मूल बांधीच्या काठाला, पाण्याजवळ, नाहीतर शाळा बुडवलेल्या बहिणीच्या कडेवर असते. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल या धानाच्या तालुक्यांत निदान जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने तरी प्रत्येक गावातली एक अंगणवाडी दिवस मावळेपर्यंत उघडी राहावी, आणि त्या जादा तासांचे मानधन सेविकेला आणि मदतनिसाला वेगळे मिळावे. कारण त्याही आयाच आहेत आणि त्यांची मुलेही तोवर कुठेतरी वाट पाहत असतात.